राखणीचा डबा आणि गणपतीतला नाच

मित्रांनो, मी एक जुना रॉकेलचा डबा आहे. चौकोनी, पत्र्याचा, एका कोपऱ्यात चेपलेला. शौर्याची गोष्ट ऐकायला बसला असाल तर आधीच सांगतो, मी फार भित्रा आहे. गंमत अशी की माझे काम मात्र दुसऱ्यांना भिववण्याचे होते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवते ते गलबत. पोटात रॉकेल भरून, तोंड बंद करून आम्हाला बाणकोटच्या खाडीतून सावित्री नदीने महाडला आणले. सारी वाट मला वाटत होते की आता बुडतो, मग बुडतो. महाडला लतीफशेटच्या दुकानात रोज थोडे थोडे रॉकेल काढून मला रिकामे केले गेले. रिकामा झालो तेव्हा आपले आता संपले, असे समजून मी कोपऱ्यात बसून राहिलो.

पण पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतून रंगूबाई नावाची बाई हिरडे विकायला आली होती. तिने मला उचलले, बोटांनी टकटक करून पाहिले आणि म्हणाली, "शेट, ह्यो डबा मला द्या. आवाज बरा हाय."

मला कुणीतरी पहिल्यांदाच बरे म्हणाले होते. डोंगर चढेपर्यंत मी तिच्या डोक्यावर अगदी खुशीत होतो.

रंगूबाई एकटी होती. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. रानाला लागून तिचे एक भाताचे खाचर होते आणि त्यावरच तिचे सारे वर्ष निघायचे. लोंब्या भरू लागल्या की रानडुकरे खाली उतरत आणि एका फेरीत पीक लोळवून जात. म्हणून शेतात चार मेढी रोवून त्यावर माळा बांधायचा आणि राखणीला बसायचे. तिने मला मेढीला टांगले आणि काठीने बडवायला सुरुवात केली. ढण् ढण् ढण्! पोपट उडाले, वानरे पळाली, डुकरे रानात घुसली. आणि मी? मी प्रत्येक फटक्याला दचकत होतो. कधी झाडीतून बिबळ्याचा घोगरा आवाज आला की रंगूबाईचा हात थरथरे आणि ती थरथर काठीतून माझ्या पत्र्यात उतरे. भ्यालेल्या बाईने भ्यालेला डबा बडवायचा, असा आमचा संसार होता. माझा आवाज कानावर पडला की जो तो पळे. आपल्या आवाजात काहीतरी वाईटच असणार, असे मी मनाशी धरून चाललो.

गणपतीला वाडीतले गिरणीकामगार मुंबईहून घरी येत आणि अंगणात नाच होई. रंगूबाईचे भात हळवे, लवकर पिकणारे. त्याची भरायची वेळ आणि नाचाची वेळ एकच पडे. नवरा गेल्यापासून तिने नाच पाहिला नव्हता. वारा शेताकडे वळला तर घुंगरू तेवढे ऐकू येत.

एके दिवशी दिवेलागणीला तिचा पुतण्या रावजी धापा टाकत माळ्याखाली आला. नाचात मृदंग तोच वाजवायचा.

"काकी, डबा दे गो! मृदंगाची पुडी फुटली."

पावसाळी हवेत मृदंगाच्या पुडीचे कातडे सैल पडते, म्हणून ते शेकावे लागते. हा पठ्ठ्या मृदंग चुलीपाशी ठेवून नाचणाऱ्यांच्या पायांत घुंगरू बांधत बसला होता. कातडे तडकले.

"आनि डुकरं आली म्हंजे? मी काय टाळ्या वाजवू?" रंगूबाई म्हणाली.

"घटकाभर दे. देवाचं काम हाय."

देवाचे नाव निघाल्यावर तिने मला मेढीवरून सोडून त्याच्या हाती दिले.

अंगणात माणसांचे हे एवढे कडे! माझी बोबडीच वळली. रावजीने मला मांडीवर आडवे घेतले. मी फटक्याची वाट पाहू लागलो. पण काठी आलीच नाही, तळहात आला. पोटावर घुमारा उठला, कडेवर बोटे पडली तशी ती खणखणली. आता सगळे पळणार, असे मला वाटले. पण माणसे पळाली नाहीत, ती जवळ आली! पाय माझ्याभोवती फिरू लागले, घुंगरू माझ्या ठेक्यावर पडू लागले, वाडीतली म्हातारी आनंदीबाई बसल्या जागी मान डोलवू लागली. मित्रांनो, मला इतका आनंद झाला की भ्यायचेच विसरलो.

तेवढ्यात शेताकडून हाक आली, "धावा रे! डुकरं!"

सगळे पेटत्या चुडी घेऊन धावले. खाचराचा एक कोपरा पार लोळला होता. रंगूबाई चिखलात उभी होती, दोन्ही हातांत दगड, आणि ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता. मी तिकडे गात होतो तेव्हा ती इथे एकटी होती. माझा पत्रा गार पडला.

"चुकलं, काकी," रावजी म्हणाला.

"परत डबा मागू नको," ती रागाने म्हणाली. "नाच पायजे तर हितं येऊन नाचा!"

ती रागाने बोलली, पण दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला नाचणारे सगळे खरेच आले! शेताच्या कडेला सपाट कातळ होता, तिथे चुडी लावून नाच उभा राहिला आणि रावजीने मला पुन्हा मांडीवर घेतले. मी मात्र पुरता घाबरलो होतो. काठीच्या फटक्याला पळणारी डुकरे तळहाताला कशाला भितील? नाच रंगात आला आणि झाडीत काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. रावजीचा हात थबकला. कालच्यासारखेच होणार, राहिलेले भातही जाणार, असे वाटून मी गारठलो.

रंगूबाई माळ्यावरून उतरून अगदी पुढे बसली होती. पदर तोंडाशी धरलेला, गाल ओले. ती म्हणाली, "थांबू नको रे, रावजी. डुकरं येतील."

पण ती रानाकडे बघतच नव्हती. ती नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघत होती.

रावजी थांबला नाही. गणपती जाईपर्यंत नाच रोज कातळावर झाला आणि तेवढ्या गलक्यात एकही डुक्कर फिरकले नाही. राहिलेले भात घरात आले.

आता मला गंजाने भोके पडली आहेत. रंगूबाई थकली, राखणीला नवा डबा आला. मी पडवीत झाडण्यांमागे असतो. पोरे येता जाता मला लाथ मारतात आणि पळून जातात, आणि मी अजूनही दचकतो. बाळांनो, माझ्यासारखा रिकामा डबा दिसला तर त्याला लाथ मारू नका. त्याला खुशाल वाजवा. फक्त हाताने वाजवा, आणि वाजवून झाल्यावर पळू नका. थोडा वेळ त्याच्याजवळ बसा.