पन्नासचा ठराव

"पन्नास म्हटलं की माणूस चहा अर्धा टाकून उठतो रे! साखर माझी जाते, दूध माझं जातं, आणि घर आहे तिथंच!"

पलीकडच्या खिडकीतून जयवंतीचा आवाज आला. वापीला राहणाऱ्या मुलाशी, गौरवशी, ती फोनवर कुरकुरत होती. अलीकडे ओट्याशी पापडी सोलणाऱ्या अहिल्याचा हात थांबला. शेजारणीचं बोलणं चोरून ऐकू नये हे तिला मान्यच होतं. पण डहाणूच्या मसोलीतली ही बिल्डिंग बांधताना दोन स्वयंपाकघरांत चारच फूट जागा सोडणाऱ्या माणसाला ते मान्य नसावं.

पन्नास म्हणजे जयवंतीने विकायला काढलेल्या घराचे पन्नास लाख. आणि हा आकडा आला होता अहिल्याच्याच घरातून. तिचे यजमान दशरथ रेल्वेच्या तिकीट खिडकीवर होते. दुसऱ्यांनी ठरवलेले दर सांगण्यात हयात गेली. निवृत्तीनंतर स्वतः दर ठरवायची संधी आली आणि त्यांनी ती सोडली नाही. बंदर येणार, मोठा रस्ता येणार, अशी हवा होती. गच्चीवरच्या मीटिंगमध्ये ते उभे राहिले. "आपला भाव आपणच पाडतो. यापुढे कुणी विचारलं तरी पन्नासच्या खाली आकडा तोंडातून काढायचा नाही." सोळाच्या सोळा घरांनी हात वर केले. वहीत सह्या झाल्या, समोसे आले, आणि माणसं जिना उतरली ती श्रीमंत होऊनच.

अहिल्याला तेव्हापासून एकच कुतूहल. श्रीमंत झालो, तर झालो कुठे? मोरीचा नळ तसाच गळत होता. तिने हे एकदा कैनाड गावाहून भाजी घेऊन येणाऱ्या बायजीला सांगितलं. बायजीने पाटी उतरवली आणि विचारात पडली.

"म्हणजे ताई, तुमी आता विकनार?"

"छे गं! मग राहू कुठे?"

"मग पैसा कोनाला गावला?"

अहिल्या हसली आणि मेथीच्या जुड्या निवडू लागली. बायजीचा मिथुन इथंच मागच्या चाळीत भाड्याने राहायचा. आजूबाजूचे भाव चढले तसं मालकाने भाडं चढवलं, आणि पोरगा बायकोला घेऊन परत कैनाडला. "आता आमी सात जनं एका चुलीवर," बायजी म्हणाली आणि मेथीची एक जुडी वर टाकून गेली. हिच्याकडून जुडी फुकट घेताना अहिल्याला उगीच लाजल्यासारखं झालं.

रविवारी श्रुतिका आली. ही अहिल्याची एकुलती एक लेक, तलासरीला शिक्षिका. सात वर्षं डहाणूतच भाड्याच्या खोलीत काढली आणि आता मालकाने ती खोली विकायला काढली होती. महिन्याभरात निघायचं होतं.

"आई, जयवंतीकाकूंचं घर मी घेऊ? बँक आणि माझी शिल्लक मिळून पस्तीसपर्यंत जाते. तुमच्या शेजारी राहीन."

अहिल्याचा जीव इतका हरखला की तिने पदराला हातही पुसले नाहीत. दशरथांना सोबत घेऊन मायलेकी तशाच समोर जयवंतीच्या दारात गेल्या. जयवंतीने ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"अहिल्याबेन, पोरीला पस्तीसला आज चावी देते मी! मला गौरवकडे जायचंय, इथं बसून चहा किती जणांना पाजू? पण भाऊंचा ठराव आहे ने. उद्या पंधरा घरं माझ्या दारात येतील."

सगळे दशरथांकडे बघायला लागले. दशरथ पंख्याकडे.

"तसं नाही," ते घसा साफ करत म्हणाले. "एक घर पस्तीसला गेलं की कागदावर तोच भाव. मग सगळ्यांचीच घरं पस्तीसची. लोक म्हणतील, स्वतःच्या मुलीसाठी ठराव मोडला."

"बाबा, दुसरीकडे पस्तीसात काही नाहीये. मी बघून आले. डहाणू सोडावं लागेल मला."

"अगं, तू कशाला काळजी करतेस? आपलं घर आहेच की पन्नासचं! आम्हाला काय करायचंय? शेवटी ते तुझंच."

जयवंतीला एकदम चहाची आठवण झाली. ती उठली, पण दाराशीच थांबली. श्रुतिका पायाच्या अंगठ्याने फरशीची रेघ गिरवू लागली. त्या 'शेवटी'बद्दल ती बोलणार नाही, हे अहिल्याला माहीत होतं. तिला तसंच वाढवलं होतं.

"शेवटी म्हणजे कधी हो?" अहिल्याने विचारलं. टोमणा नव्हता त्यात, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"शेवटी म्हणजे... आता शेवटी म्हणजे काय सांगायचं? शेवटी."

"आई, राहू दे ना," श्रुतिका पुटपुटली.

"नाही, राहू दे कशाला? हिशोब मलाही कळू दे," अहिल्या म्हणाली. आवाज तिचा नेहमीचाच होता, भाजीवालीशी बोलावा तसा. "आपण विकणार नाही, तेव्हा आपल्याला यातलं काही मिळणार नाही. जयवंतीचं घर विकलं जात नाही. पोरीला घेता येत नाही. म्हणजे आपण दोघं मेलो, की मग हिला डहाणूत घर."