चिमटीत उघडणारा चाकू

काकांनी बेल दाबली आणि वाटेत पाठ केलेलं वाक्य पुन्हा एकदा मनाशी म्हणून घेतलं. मला तो चाकू आता नको आहे. बस्स, एवढंच. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? दार उघडलं की सांगायचं, माफी मागायची आणि आल्या पावली परत फिरायचं. चार वर्षं रांगेत थांबल्यावर नंबर लागला होता, आणि हा भला माणूस नको म्हणायला आला होता. पण त्याचं त्यांना वाईटही वाटत नव्हतं. पाच महिने झाले, त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं. चहात साखर आहे की नाही, हे कप संपला तरी कळत नसे.

दार चाकूवाल्या बाईंनीच उघडलं. एका हातात कानस, पदर खोचलेला, कपाळावर लोखंडाचा बारीक कीस.

“या काका. मागे शेडमध्येच या. काकू नाही आल्या?”

“ती गेली. पाच महिने झाले.”

बाईंचा कानशीचा हात खाली आला.

“मला कुणी कळवलंच नाही हो.”

“आजारच तसा होता. पण तिला शेवटपर्यंत कळलं नाही काय झालंय ते. आम्ही कळूच दिलं नाही. तेवढं एक बरं झालं.”

हे वाक्य काकांनी पाच महिन्यांत भेटेल त्याला सांगितलं होतं. ऐकणारा मान हलवायचा, ‘खरंय, नशीबवान होत्या,’ म्हणायचा, आणि विषय मिटायचा. बाईंनी मान हलवली नाही. त्या काकांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या, मग वळून शेडकडे चालू लागल्या.

काका जन्मभर पुस्तकांच्या बांधणीचं काम करत आले आणि त्या कामातून वाचलेला जीव त्यांनी चाकूंत घातला. साधे चाकू नव्हेत. हाताने घडवलेले, घडीचे, खिशात मावणारे, आणि प्रत्येकाला पाठीमागे एक आरी, चामड्याला भोक पाडायची. आरी नसलेला चाकू काका हातात धरत नसत. हौसेला मोल नसतं म्हणतात. काकांच्या हौसेला उपयोगही नव्हता. एकेचाळीस चाकू जमले होते, शिंगाच्या मुठीचे, हाडाच्या, शिसवीच्या, आणि त्यांतल्या एकानेही कधी साधी दोरी कापली नव्हती. संग्रह करणाऱ्या मंडळींचा तो नियमच. पात्याला एकदा धार लावली, आरीने एकदा चामडं टोचलं, की चाकू बाटला.

चाकू उघडताना जो आवाज येतो त्याला ही मंडळी ‘बोलणं’ म्हणत. हाताने घडवलेल्या चाकूची स्प्रिंग कडक असते. पात्याच्या खाचेत नख घालून जोर लावला की तो टक् करून बोलतो. गंमत अशी की काकांना गेली सहा वर्षं स्वतःचा एकही चाकू बोलवता येत नव्हता. डिंक आणि दाभणात आयुष्य गेलं, बोटांचे सांधे आखडले, नखं कागदासारखी वाकायची. हे मंडळींत कुणाला ठाऊक नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. रविवारी दुपारी काकू समोर बसायच्या, एकेक चाकू उघडून द्यायच्या, काका तेलाचा बोळा फिरवायचे आणि काकू मिटवून डब्यात ठेवायच्या.

“झाली का माझ्या सवतींची आंघोळ?” शेवटच्या चाकूला त्या विचारायच्या.

आता पाच महिने सगळे चाकू मिटून पडले होते. उघडून द्या म्हणायचं तरी कुणाला? त्यांत आणखी एकाची भर कशाला, म्हणून काका आले होते.

शेडमध्ये पाणी दिलेल्या लोखंडाचा आणि तेलाचा वास होता. भिंतीवर कानशी क्रमाने टांगलेल्या, खाली डब्यात शिंगाचे तुकडे. बाईंनी काकांना स्टूल दिलं, आणि काकांनी बसल्या बसल्या वाक्य म्हणून टाकलं.

“मला तो चाकू आता नको आहे. तुमची मेहनत वाया घालवली, माफ करा. रांगेतल्या पुढच्याला द्या.”

“नको तर नको,” बाई म्हणाल्या. “पण हा दुसऱ्या कुणाला देता येणार नाही. बघा तरी.”

त्यांनी चामड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला चाकू समोरच्या लाकडी ठोकळ्यावर ठेवला. शिंगाची मूठ, मधाच्या रंगाची. काकांनी तो उचलला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या कपाळाला आठी पडली. मुठीचा काठ दोन ठिकाणी अर्धगोल कापलेला होता. पातं आणि आरी, दोन्ही त्या खाचांतून अर्ध्याहून अधिक उघडी दिसत होती. असे चाकू मंडळींत कुणी ठेवत नसे. काकांनीच एकदा चारचौघांत असल्या मुठीला ‘उंदराने कुरतडलेली’ म्हटलं होतं आणि सगळे खो खो हसले होते.

“हे मी सांगितलं नव्हतं.”

“तुम्ही नाही. काकूंनी सांगितलं. फोन केला होता त्यांनी.”

“तिने? तिला चाकूतलं काय कळतंय?”

बाईंनी फळीवरची वही काढली, मागची पानं उलटली आणि काकांसमोर धरली. वर चार वर्षांपूर्वीची काकांची मागणी होती: मूठ शिंगाची, पातं एक, आरी एक. त्याखाली वेगळ्या शाईत, बाईंच्या अक्षरात: ‘काकूंचा फोन. पातं नि आरी चिमटीत धरून उघडता आली पाहिजेत. मूठ तशी कापणे. स्प्रिंग नरम. काकांना आत्ता सांगू नये.’ आणि तारीख.

काकांनी तारीख वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. ती तारीख गेल्या वर्षीची होती. डॉक्टरांनी काकांना आणि लेकीला बाहेर बोलावून सांगितलं, त्यानंतरचा तो नववा दिवस होता.

त्या नऊ दिवसांत काकांनी काय काय केलं होतं! लेकीला शपथ घातली, शेजाऱ्यांना पढवलं. गाठ साधी आहे, गोळ्यांनी विरघळेल, असं ठरलं. प्रश्न होता रिपोर्टांचा. घरातलं एकही कपाट काकूंच्या हातापासून सुटत नसे. मग काकांनी शिलाई मशीनचं जुनं माहितीपुस्तक घेतलं, त्याच्या फाटक्या पुठ्ठ्यात रिपोर्ट बसवले आणि दोन रात्री जागून पुस्तकाला नवी बांधणी केली. बोटं ठणकत होती, तरी शिवण सरळ आली, पाठीला नवं कापड लागलं, कोपरे बसले. पुस्तक फळीवर इतर पुस्तकांत ठेवल्यावर त्यांना वाटलं होतं, आता ब्रह्मदेव आला तरी सापडायचं नाही. त्यानंतर वर्षभर ते काकूंसमोर हसले, पुढच्या उन्हाळ्याचे बेत आखले. शेवटच्या आठवड्यातसुद्धा पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे, हेच बोलत बसले होते. दुसरं काही बोलता आलं नाही. बोललो असतो तर तिला कळलं असतं.

“काय म्हणाली ती?” त्यांनी विचारलं.

बाईंनी वही मिटली.

“त्यांनी कुणाला सांगू नका म्हटलं होतं. पण आता... यांना चाकू उघडत नाहीत, मीच उघडून देते, असं त्यांनीच सांगितलं. मी विचारलं, मग स्प्रिंग नरम कशाला, तुमचे हात तर चांगले आहेत. तर म्हणाल्या, चाकू तयार होईल तेव्हा उघडून द्यायला मी नसेन. मी म्हटलं, लेकीकडे निघालात का? तर हसायला लागल्या.”

“मग?”

“म्हणाल्या, आमच्याकडे शिलाई मशीनचं एक पुस्तक आहे, वीस वर्षं फाटकं पडलेलं. परवा बघते तर त्याला नवी कोरी बांधणी. मशीन कधीच विकून टाकलंय, मग पुस्तकाला बांधणी कशाला? म्हणून उघडलं.”

काका हातातल्या चाकूकडे बघत होते.

“मी म्हटलं, काकांशी बोला तुम्ही, असं मनात ठेवू नका. तर म्हणाल्या, नको गं, फार मेहनतीने लपवतायत. हिरमोड होईल त्यांचा.”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. काका म्हणजे आपल्या एका कामावर खूश असलेला माणूस. वर्षभर चोख बजावलेल्या त्या एकाच कामाच्या आधारावर ते पाच महिने उभे होते. पडद्यांचे रंग तिने किती मन लावून निवडले होते. निळा नको, डाग दिसतात, म्हणाली होती.

“घरी घेऊन जाल ना?” बाईंनी विचारलं.

काका उठायला गेले आणि विजार कमरेवरून घसरली. त्यांनी ती एका हाताने धरली.

“पट्टा सैल झालाय तुमचा काका. केवढे वाळलात.”

“मला कुणी सांगितलं नाही,” काका म्हणाले आणि पुन्हा स्टुलावर बसले.

मग त्यांनी बक्कल सोडलं, विजारीच्या एका लूपमधून पट्टा ओढून काढला आणि मोकळं टोक ठोकळ्यावर पसरलं. शेवटच्या भोकापासून आत दोन बोटं अंतर मोजून नखाने खूण केली. चाकू घेतला, खाचेतून दिसणारी आरी चिमटीत धरली आणि ओढली. ती जड न जाता उघडली आणि हलकेच बोलली.

“काका, चाकू बाटेल,” बाई म्हणाल्या. “आजवर माझ्या एकाही गिऱ्हाइकाने आरी वापरलेली नाही.”

काकांनी टोक खुणेवर टेकवलं आणि मूठ पिळली. पट्टा जुना, जाड होता. आरी थोडी आत गेली आणि अडली. त्यांनी पुन्हा पिळलं. अंगठ्याच्या सांध्यातून कळ निघाली ती थेट कोपरापर्यंत गेली, डोळ्यांत पाणी आलं आणि नाकावरून ठोकळ्यावर पडलं. ते पुसायला हात रिकामा नव्हता.

बाईंनी हात पुढे केला.

“द्या इकडे. दुखतंय ना?”

“दुखतंय,” काका म्हणाले, आणि त्यांनी आरी आणखी एकदा फिरवली.