ठेंगोबाची उंची

ओझरच्या अलीकडे, झेंडूच्या वावरांत, ठेंगोबा उभा आहे. डोंगरच तो, पण उंची जेमतेम बावीस फूट. रविवारी नाशिकहून गाड्या भरून माणसं येतात, दोन मिनिटांत माथा गाठतात आणि एव्हरेस्ट सर केल्याच्या थाटात भेळ चापतात. ती भेळ कुंदनची.

त्या दुपारी विक्रमांची नोंद करणारे साहेब मोजायला येणार होते. तेवढ्यात कुंदनला कळलं, सटाण्याकडे एकवीस फुटांचा डोंगर निघालाय. 'सगळ्यात लहान' हा मान गेला तर ठेंगोबाला कोण विचारणार? मग गड्याने शक्कल लढवली. माथ्यावर गावच्या बायकांनी ठेवलेल्या दगडांचा दोन फुटी ढीग होता. डोंगर वाढावा म्हणून ठेवतात, असं तो पाहुण्यांना छातीठोक सांगायचा. तासाभरात त्याने सगळे दगड खाली भिरकावले. बरेचसे फुटले.

फुलं तोडून आलेली त्याची आई, नवसाबाई, बोडका माथा बघून पायथ्याच्या फुटक्या दगडांपाशी थांबली.

"कुंदन, वरची दगडं रं?"

"टाकली खाली. उंची कमी भरायला पायजे ना."

"आरं, ज्या बाईचं लेकरू जगत नाय, ती ठिवती. त्याची वाढ डोंगराला लागू दे म्हणून. बाप्यांना सांगत नसत्यात." तिने एक दगड उलटून पाहिला. "तुज्या आधी पोरगी झाली व्हती. तीन दिसांची. नावबी ठिवलं नव्हतं."

कुंदन तीस वर्षांचा घोडा झाला, आणि आपल्याला बहीण होती हे आज कळत होतं.

साहेब आले. त्यांनी फीत लावली, आकडा लिहिला. वीस फूट. लोकांनी टाळ्या पिटल्या.

"वर दगडांचा ढीग होता म्हणे?" साहेबांनी सहज विचारलं.

"काढला साहेब. उंची वाढत होती."

"उगीच काढलात. माणसांनी रचलेलं आम्ही धरतच नाही. कातळापासूनच मोजतो."

कुंदनच्या गळ्यात हार पडला, त्याच्याच वावरातल्या झेंडूचा. हार त्याला नकोसा झाला. तो तसाच खाली उतरला. पायथ्याशी नवसाबाई फुटके तुकडे एकमेकांना लावून बघत होती. तो शेजारी बसला.

"आई, केवढा व्हता तिचा दगड?"

तिने दोन्ही हातांची ओंजळ केली.

"एवढाच," ती म्हणाली.