शिटीवर न बसणारी चाल

"ही सकाळची चाल नाही," रेडिओकाका म्हणाले.

त्यांची बायको टेबलाच्या कडेला जेवणाचा डबा उघडत होती. "मग कुठली?"

"सकाळी वेगळी वाजत होती. की हीच होती? तू काल ऐकलीस ना?"

"अहो, मला काय कळतंय त्या पिंपिंमधलं? हात धुऊन घ्या आधी."

काका हलले नाहीत. समोरच्या लाकडी खोक्याकडे बघत राहिले. खोक्याच्या तोंडावर साठेक बटणं, तितकीच भोकं आणि या भोकातून त्या भोकात गेलेल्या रंगीत वायरींचं जंजाळ. खाली आठ बारीक दिवे एका रांगेत. एकामागून एक दिवा लागे आणि दर दिव्याला एक सूर वाजे. हे सिंथेसायझर शाळेतल्या संगीताच्या बाईंचं. चालू केलं की जळका वास येतो म्हणून त्यांनी ते दुरुस्तीला टाकलं होतं. काकांनी जळालेला भाग बदलला, वास गेला, खोकं वाजू लागलं. काम तिथेच संपलं होतं. पण त्यानंतरच काकांची झोप उडाली होती.

काकांच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानाला एकोणचाळीस वर्षं झाली होती. या सगळ्या काळात एकदा कानावर पडलेली चाल काका शिटीवर जशीच्या तशी वाजवत आले होते. गिऱ्हाइकं मुद्दाम फर्माइश करत. या खोक्याची चाल मात्र शिटीवर बसेना. चार सूर जमायचे आणि पाचवा भलतीकडेच जायचा. आधी त्यांनी यंत्रावर संशय घेतला. मीटर लावून एकेक सांधा तपासला. सगळं चोख होतं. मग दोष उरला कुठे?

त्यांना थोरला भाऊ आठवला. दादा शेवटी शेवटी बुटाची नाडी हातात धरून तासभर बसून राहायचा. पुढे काय करायचं तेच त्याला सुचत नसे. ते सुरू झालं तेव्हा दादा चौसष्टचा होता. काकांना गेल्या महिन्यात चौसष्ट पूर्ण झाली होती.

बायकोला ते काही बोलले नव्हते. आज पाचवा दिवस. रोज खोकं चालू करायचं, चाल ऐकायची, घोकायची आणि चहा पिऊन परत यायचं, की चाल बदललेली. निदान त्यांना तसं वाटे. कालची आठवण खोटी की आजचे कान, हेच त्यांना ठरवता येईना.

"झालं का, काका?" संगीताच्या बाई दारातूनच म्हणाल्या. आत येऊन त्यांनी कान दिला आणि त्यांचा चेहरा फुलला. "वा! अगदी पूर्वीसारखं."

"पूर्वीसारखं?" काका खोक्यापासून त्यांच्याकडे वळले. "बाई, एक विचारतो. तुम्ही दिलंत तेव्हा हीच चाल होती?"

"छे हो! याला चाल पाठ नसतेच मुळी. ही निळी वायर बघा. इथून नुसती खरखर येते, रेडिओचं स्टेशन सुटल्यावर येते ना, तशी. दर दिव्याला त्या खरखरीतला एक कण उचलला जातो आणि त्यावरून सूर ठरतो. कुठले सूर चालतील एवढंच मी लावून देते. त्यातला पुढचा कुठला येणार ते मला माहीत नसतं, त्यालाही नसतं."

"म्हणजे ऐकलेली चाल परत येतच नाही?"

"आली तर लॉटरीच!"

काका हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाच दिवस, बाई! पाच दिवस मला वाटतंय, मीच कामातून गेलो!"

"तरीच हे झोपेत शिट्या मारतात," बायको म्हणाली आणि तीही हसत सुटली.

बाईही हसल्या, पण मध्येच गोंधळून थांबल्या. "पण काका, हे मी देतानाच सांगितलं होतं. तुम्ही लिहूनसुद्धा घेतलंत. 'असलं वेंधळं यंत्र पहिल्यांदाच बघतोय,' असंही म्हणालात."

काकांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून गेलं. त्यांनी खणातून पावतीपुस्तक काढून पानं उलटली. त्यांचंच किरटं अक्षर होतं: 'चाल दर वेळी वेगळी. हा दोष नाही.' 'दोष नाही'च्या खाली दोन रेघा ओढलेल्या होत्या.

त्यांनी ते दोनदा वाचलं. हे आपण कधी लिहिलं, काही केल्या आठवेना.

"होतं असं गडबडीत," बाई हळूच म्हणाल्या.

"हो ना," काका म्हणाले. त्यांनी एकही वायर न हलवता खोकं बंद केलं आणि बाईंच्या गाडीपर्यंत नेऊन ठेवलं.

परत आले तेव्हा बायको पावतीपुस्तक हातात घेऊन उभी होती.

"अहो, कधीपासून?"

"तेच तर आठवत नाही." त्यांनी विनोद केला नव्हता, तरी दोघांच्याही ओठांवर क्षणभर हसू येऊन गेलं.

"दादांच्या डॉक्टरांकडे जायचं?"

"उद्या जाऊ."

"मग आज दुकान बंद करूया?"

"कशाला? हात चांगले आहेत अजून."

तेवढ्यात एक वयस्कर गृहस्थ टेबलफॅन कवटाळून आत आले. "काका, हा घरघर करतो. आणि तीनवर टाकला की बंदच पडतो."

काकांचा हात पेनाकडे गेला. तिथे पेन नव्हतं. बायकोने स्टूल ओढून घेतलं होतं आणि ती गल्ल्यामागे बसली होती. तिने एक कोरं पान काढलं.

"सावकाश सांगा," ती म्हणाली. "मी लिहिते."

काकांनी पंखा उलटा केला आणि पहिला स्क्रू सोडवायला घेतला.