फोनला पाजलेली दारू

"आता सांगतो ते कुणाला पटायचं नाय," धाऊआजाने अंगणात बैठक मारली. "आमच्या नातीला, कोंडीला, मागणी घालायला फोन आला, अन् फोन दारू प्याला."

ठाकुरवाडीची माणसं हसली. "प्याला?"

"ढोसली. पडदा लाल झाला त्याचा."

म्हाताऱ्याच्या थापांत थोडं खरंही असायचं. रीतच तशी. मुलाकडच्यांनी दारू आणायची, मुलीकडच्या वडीलधाऱ्याने घोट घेतला की मागणी पक्की. पूर्वी पोरी नेणारा दलाल आलाच तर कुंभिवलीच्या हायवेवरून डोंगर चढून यायचा. त्याचे डोळे दिसायचे, चप्पल दिसायची. एकाला तर बायांनी कोयते दाखवून पिटाळलं होतं. लॉकडाऊनमध्ये रस्ते बंद झाले, शाळा फोनात गेली, मागोमाग दलालही फोनात शिरला. आधी कोंडीशी गोड बोलला, फोटो मागवले, मग नवरदेव होऊन आजाला हात जोडले. धाऊने त्याच्या वाटचा घोट फोनपुढे ओतला, आपला घेतला. सोळाची पोर टेंपोत बसून गेली.

"मग पुढं?" सुनंदाने विचारलं. तिची चिंधी तेवढ्याच वयाची.

"पुढं काय, राणी झाली. कळंबला बंगला, निळ्या पाण्याचा हौद, कुत्र्याला वेगळी खोली. पायाला माती लागत नाय तिच्या."

बंगला खरा होता. हौदही. लॉज बंद म्हणून शहरातले पाहुणे तिथे लपूनछपून येत, अन् नवरदेव कोंडीला त्यांच्यापुढे उभं करी. लॉकडाऊन उठला, बंगला चालूच राहिला. परवा ती पळून आली, तेव्हापासून धाऊने तिला आतल्या खोलीत दडवलं होतं. तिचे फोटो कुणाकुणाच्या फोनात फिरत होते. निदान वाडीत तरी नाव राहावं, म्हणून ही थाप.

सुनंदाने पदराखालची बाटली पुढे सरकवली. "मग घोट तूच घे, आजा. चिंधीलाबी फोनवर मागणी आलीय. तुझ्या हातानं पोरीचं सोनं होईल."

चिंधी लाजून आईच्या पाठीमागे सरकली.

धाऊने बाटली घेतली. नको म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. "पोरगा कसा हाय गं?"

"लई गोड बोलतो. फोटो मागितले, पाठवले."

"घरदार बघितलंस?"

"तू कुठं बघितलं होतंस?" सुनंदा हसली.

धाऊही हसला. बाटली ओठांपर्यंत गेली.

आतली कडी वाजली. कोंडी उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"पिऊ नको, आजा," ती म्हणाली. "काकी, चिंधीला धाडू नको. ह्यो आजा सगळं खोटं सांगतोय."