हे झाड आमच्या घरचं

आमच्या घरी टीव्ही बंद असला की आईला वाटतं, कोणीतरी आजारी आहे. त्यामुळे मी जे काही लिहिते ते मालिकांचं संगीत ऐकतच लिहिते. मूल नावाच्या तालुक्याच्या गावातल्या आमच्या दोन खोल्यांत लिहायला दुसरी जागा नाही. सकाळी बारावीच्या मुलांची जीवशास्त्राची शिकवणी, दुपारी कथा, आणि कथा जरा रुळावर आली की समोर कोणाची तरी सासू तिजोरीची किल्ली हरवते.

मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. त्यामुळे टीव्ही बघताना मला पात्रांच्या मागची झाडं बघायची खोड लागली. मालिकेत विदर्भातलं म्हणून जे गाव दाखवतात, त्याच्या वेशीवर नारळ असतात. पात्रं वर्षानुवर्षं त्याच अंगणात रडतात, पण अंगणातल्या झाडाची पानगळ कधी होत नाही. जाहिरातींत तर पुढचीच मजा. तिथे शेतकरी नेहमी हसतो आणि त्याच्या हातातलं कणीस दुसऱ्याच पिकाचं असतं.

"तुले झाडच दिसते काय?" आई म्हणते. "तिकडं तिचा संसार मोडून राह्यला."

मला खरंच आधी झाड दिसतं. प्रयोगशाळेत आम्हाला शिकवलं होतं की कुठल्याही विधानासोबत त्याच्या अटी लिहायच्या. कुठली माती, कुठला महिना, किती पाऊस. अटी गाळल्या की विधान ऐकायला गोड होतं आणि खोटं पडतं. जाहिरात म्हणजे अटी गाळलेलं विधान, असं माझं मत आहे. कथेत मात्र बहुतेक वेळा अटीच असतात. माझ्या कथा परत येतात त्याचं कारण हेच असावं. एका संपादकांनी फोनवर प्रेमाने सुचवलं होतं, "तुम्ही गडचिरोलीकडच्या ना? मग वाघ येऊ द्या, बंदूक येऊ द्या." माझ्या कथेत शिलाई मशीन होतं. मी ते काढलं नाही.

अशात आदेशचा फोन आला. आदेश माझा कॉलेजचा वर्गमित्र. आता नागपूरच्या एका जाहिरात कंपनीत आहे.

"करिष्मा, मोहाच्या लाडवांची जाहिरात आहे. टीव्हीवर. तू लिही. जमलं तर इथे तुझी खुर्ची पक्की. मी बोललोय."

मी लगेच हो म्हटलं. कोणी मला टोमणा मारेल की जाहिरातींना नावं ठेवणारी जाहिरात लिहायला कशी निघाली. पण अर्ध्या मिनिटाची का होईना, ती लेखी भाषाच असते आणि ती माझ्या आईच्या टीव्हीवर ऐकू येते. माझी एकही ओळ आजवर आईच्या कानावर पडली नव्हती. खुर्चीपेक्षाही मला तेच हवं होतं.

मोह मला माहीत आहे. बाबा नोकरीसाठी मूलला आले, पण आमचं गाव धानोऱ्याच्या पुढे, जंगलात. तिथे माझी मोठीमाय, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको वच्छला, अजूनही पहाटे टोपली घेऊन मोहाखाली जाते. गावाभोवतीचे मोह कागदोपत्री वनखात्याचे आहेत, पण कुठल्या झाडाखालची फुलं कोणत्या घराची, हे गावातलं शेंबडं पोरही सांगतं. भाऊ वेगळे निघाले की शेतासारखी झाडंही वाटली जातात. दुसऱ्याच्या झाडाखालचं एक फूलही कोणी उचलत नाही. मी तेच लिहिलं. पहाट, बिनपानांचं झाड, खाली झाडलेली जमीन, त्यावर पिवळसर फुलं. एक बाई वेचता वेचता म्हणते, "हे झाड आमच्या घरचं." बस, एवढंच.

लाडवांच्या कंपनीचे मालक गुणवंतराव. नागपूरच्या इतवारी बाजारात त्यांचं किराण्याचं मोठं दुकान, लाडवांचा धंदा नवा. त्यांनी ते वाक्य खोडलं आणि स्वतः दुसरं सुचवलं: "जंगल सगळ्यांचं, गोडवा सगळ्यांचा."

"पण हे खरं नाही," मी फोनवर म्हटलं.

"बेटा, यमक जुळते ना," गुणवंतराव म्हणाले.

शूटिंग आमच्याच गावात करायचं ठरलं. मी सुचवलं होतं, कारण तिथे बोलणारी बाई मला ठाऊक होती. मोठीमायने धाकट्या सुनेची नवी कोरी साडी मागून घेतली आणि आठवडाभर आरशासमोर हसायचा सराव केला, असं सूनच मला सांगत होती. गावात नव्या फुलांची पूजा होऊन गेली होती. पूजेआधी फूल कोणी तोंडात घालत नाही, म्हणून मी तारीख मुद्दाम त्यानंतरची सांगितली होती.

मोहाचं फूल रात्री उमलतं आणि उजाडायच्या आधीपासून टपटप गळायला लागतं. ऊन चढलं की खेळ संपला. हे मी दिग्दर्शकाला दोनदा कळवलं होतं. त्यांच्या गाड्या गावात शिरल्या तेव्हा बायका फुलं वेचून, घरी आणून, खाटांवर वाळत घालून बसल्या होत्या.

"नो प्रॉब्लेम," दिग्दर्शक म्हणाला. त्याच्या डोक्यावर मोठी टोपी होती. "फुलं विकत घ्या. पुन्हा पसरवू."

फुलं विकत घेतली. मग झाड शोधलं. गावाबाहेरचा, आमच्या गावातल्याच वारलूभाऊंचा मोह सरळसोट, ऐसपैस, मागे नुसती टेकडी. कॅमेऱ्यात ना हातपंप येत होता, ना विजेचा खांब. दोन माणसांनी त्याखाली टोपल्या उपड्या केल्या. मोठीमाय कडक साडीत येऊन उभी राहिली. अख्खं गाव बघायला जमलं.

"ॲक्शन! मावशी, बसा. वेचा."

मोठीमाय बसली नाही.

"मावशी?"

"हे झाड वारलूचं हाय," मोठीमाय म्हणाली.

वारलूभाऊ गर्दीत पुढेच होते. "वेच ना व वैनी. मी काई म्हनत नाई."

"आज नाई म्हनत. उद्या टीव्हीवर पाहशीन मंग म्हनशीन."

लोक हसले. गुणवंतराव खुर्चीवरून उठले. "अवो बाई, फुलं तर मी इकत घेतले! झाडाचा काय संबंध?"

"फुलं तुमचेच हाय भाऊ. पन झाड त्याचं. टीव्हीवर कोन सांगन का फुलं इकत घेतले म्हून? लोकं पाहतीन का वच्छला वारलूच्या झाडाखाली बसून राह्यली. धानोऱ्याच्या बाजारात मले चोट्टी म्हनतीन."

"बरं, वेचू नका. नुसतं बोला," दिग्दर्शक म्हणाला. "कॅमेऱ्यात बघून. जंगल सगळ्यांचं..."

"तेबी मी नाई म्हनत."

"आता ते काऊन?" गुणवंतरावांचा आवाज चढला.

"सगळ्यांचं म्हटलं का लोकं गाड्या भरून येतीन ना टोपले घेऊन. म्हनतीन, तूच तं सांगतलं टीव्हीवर."

आदेशने मला दंडाला धरून जीपमागे नेलं. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"तू बोल तिच्याशी. तुझी काकू आहे ना? एवढं एक वाक्य काढ तिच्या तोंडून. एक तारखेपासून नागपूरला ये, सगळं ठरलंय. करिष्मा, त्यासाठीच तर तुला घेतलंय."

"मला लिहायला घेतलंय ना?"

त्याने शर्टाच्या बाहीने मान पुसली. त्याला खोटं बोलता येत नाही. आमच्या मैत्रीत तेवढी एक गोष्ट चांगली आहे.

मी परत झाडाखाली गेले. सगळे माझ्याकडे बघत होते, गुणवंतराव तर आशेने. मोठीमायला मी हळूच आमच्या गोंडी बोलीत विचारलं, तिच्या झाडाला अजून फुलं आहेत का. ती म्हणाली, शेंड्याला असतील. मग मी मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "झाड बदला. मोठीमाय तिच्या झाडाखाली बसेल आणि वाक्य म्हणेल. माझं वाक्य. हे झाड आमच्या घरचं."

"कुठी हाय ते झाड?" गुणवंतरावांनी विचारलं.

आम्ही सगळी वरात घेऊन गेलो. मोठीमायचा मोह गोठ्याच्या मागे आहे. कधीकाळी वीज पडून त्याचा अर्धा बुंधा गेला आणि उरलेलं झाड गोठ्यावर असं ओणवं झालं की पाहुण्यांना वाटतं, आता पडेल. एका फांदीवर गोधडी वाळत होती. शेजारी हातपंप, हातपंपाखाली चिखल, चिखलात म्हैस. पण बुंध्याला हात लावला की कळतं, झाड चांगलं जिवंत आहे. गेली दोन वर्षं मी त्याची फुलं मोजायचा खटाटोप करून बघितला आणि सोडून दिला, इतकी ती असतात.

दिग्दर्शकाने डोक्यावरची टोपी काढली.

"हे झाड?" गुणवंतराव म्हणाले. "हे तं पडून राह्यलं."

"पडत नाही. वाकलंय फक्त."

"बेटा, लोकं वाकड्या झाडाचा लाडू खातीन काय?"

"लाडू झाडाच्या आकाराचा नसतो, काका."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. गुणवंतरावांना ते लागलं. ते वाईट माणूस नव्हते. येताना सगळ्यांसाठी संत्री आणली होती त्यांनी. पण आपल्या खुर्चीतून उठून, चिखलातून चालत येऊन, एका शिकवणीवालीचं ऐकून घ्यायची त्यांना सवय नव्हती.

"तू गोष्टी लिही, बेटा. तेच बरं. जाहिरात तुझं काम नाई."

"लिहीनच. पण मग त्या जाहिरातीतून मी लिहिलेलं सगळं काढा आणि माझं नावही काढा. ही पहाट मी लिहिलीय, बिनपानांचं झाड मी लिहिलंय. सगळ्यांचं जंगल मी लिहिलेलं नाही, आणि ते मोठीमायच्या तोंडात मी घालणार नाही."

मला वाटलं होतं की असं काही बोलल्यावर छाती मोकळी होते. तसं काही झालं नाही. आदेश खाली बघून बुटाचा चिखल दगडावर घासत राहिला. मग गाड्यांची दारं लागली, एकामागोमाग एक.

"म्हंजे आता मी टीव्हीवर नाई दिसत?" मोठीमायने विचारलं.

"नाही."

"अव माय! मंग साडी कायले मांगून आनली मी?" ती माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. झाडाचा हट्ट तिचाच होता, पण चूक माझी ठरली, कारण शिकलेली मी होते आणि काहीतरी तोड काढायला पाहिजे होती, असं तिचं म्हणणं. सुनेने मला चहा दिला तोही जरा आदळूनच.

वारलूभाऊंच्या झाडाखाली पसरलेली फुलं तशीच पडून होती. ती गुणवंतरावांची होती म्हणून वारलूभाऊंनी उचलली नाहीत, आणि झाड वारलूभाऊंचं म्हणून दुसऱ्या कोणी उचलली नाहीत. शेवटी परत येणाऱ्या गुरांनी खाल्ली.

मूलला आल्यावर आईला सांगितलं की नागपूरची खुर्ची गेली. तिने टीव्हीचा आवाज कमी केला. आमच्या घरात ही मोठी गोष्ट आहे.

"एक वाक्य तं होतं," ती म्हणाली. "म्हनून टाकायचं."

"एकच वाक्य असतं, आई. जाहिरातीत दुसरं काय असतं?"

मग तिने आवाज पुन्हा वाढवला आणि मी लिहायला बसले. गोठ्यामागच्या झाडाची कथा मी त्या दिवशी सुरू केली. तिच्यात वाघ नाही. बंदूक नाही. म्हैस आहे.

पावसाळा लागता लागता जाहिरात आली. मी भाताला फोडणी देत होते. आईने हाक मारली, "ये ये, लवकर ये, तुह्यी लागली!"

माझी नव्हती. हिरवंगार मैदान, त्यात छत्रीसारखं पसरलेलं मोठं झाड, आणि एक गोरी मुलगी टाचा उंचावून फांदीवरची फुलं तोडत होती. मोहाची फुलं गळतात आणि वेचायची असतात, ती ही फांदीवरून तोडत होती, इतकं सगळं उलटंपालटं होतं. पानं बघितली. ते विलायती शिरीषाचं झाड होतं, रेन ट्री म्हणतात ते, कुठल्यातरी बागेतलं. मागून एक भारदस्त आवाज म्हणाला, जंगल सगळ्यांचं, गोडवा सगळ्यांचा.

"ते मोहाचं झाड नाही," मी म्हटलं.

"मले दिसते," आई म्हणाली. "मोहाले कवा असे पानं असतात फुलाच्या वक्ती?" आणि तिने चॅनेल बदललं. दुसऱ्या चॅनेलवर मालिका चालू नव्हती तरी बदललं.

थोड्या वेळाने मोठीमायचा फोन आला. शूटिंगनंतरचा पहिलाच. गावात सगळ्यांनी एकत्र बसून जाहिरात पाहिली होती. मागे वारलूभाऊंचा आवाज येत होता.

"करिष्मा, मी काय म्हनतो," मोठीमायने विचारलं, "ते झाड कोनाचं हाय व?"

"कोणाचंच नाही, मोठीमाय. बागेतलं आहे."

"तरीच," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुही माय सांगत होती, तू माह्या झाडावर गोष्ट लिहून राह्यली म्हून. मी हाय का तिच्यात?"

"आहेस. त्याच साडीत."

"आन झाड?"

"तुझंच. गोठ्यामागचं वाकडं."

"वाकडं नोको लिहू न, पोरी. लोकं वाचतीन. सरळ लिही."

"नाही, मोठीमाय," मी म्हटलं. "वाकडंच लिहीन."