पेनड्राइव्हातली कारभारीण

मी एक जुना पेनड्राइव्ह आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. तुमच्या करंगळीएवढा असलो, तरी माझ्या जिवावर खोल्याच्या खोल्या कामाला लागल्या. आता मलकापुरात संयोगिताच्या टेबलाच्या खणात, वाळलेल्या पेनांच्या शेजारी पडून असतो. माझा दिवा लागत नाही. त्याचं मला फारसं काही वाटतही नाही. झालं ते सांगतो.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यातला. बारसं कोणी केलं नाही. कऱ्हाडच्या दुकानात काचेमागे लटकत होतो, तिथून संयोगितानं मला उचललं. शाळेत, क्लासमध्ये, पतसंस्थेत कॉम्प्युटर आले की ते लावून द्यायला तिला बोलावणं यायचं. मित्रांनो, कोरा कॉम्प्युटर म्हणजे भांड्यांवाचून स्वयंपाकघर. टायपिंगचं सॉफ्टवेअर वेगळं शोधा, चित्रांचं वेगळं, हिशोबाचं वेगळं. प्रत्येकाला 'पुढे, पुढे' दाबत बसा. एक झाला की शेजारच्यावर पुन्हा पहिल्यापासून तेच. माणूस उबून जातो.

म्हणून तिनं माझ्यात पॅकेज मॅनेजर आणून ठेवला. नाव जड, काम सरळ. कोणतं सॉफ्टवेअर कुठून आणायचं, कुठं मांडायचं, जुनं झालं की कसं बदलायचं, हे सगळं त्याला ठाऊक. एक ओळ टाइप केली की हा सगळा संसार मांडून मोकळा. त्यात हा पडला फिरता. कॉम्प्युटरच्या भिंतींना खिळे ठोकत नाही. आपल्या एका फोल्डरात सगळं घेऊन राहतो. नेट नसलं तरी अडत नाही, कारण सामान आधीच बांधून घेतलेलं असतं. संयोगितानं त्या फोल्डरला नाव दिलं 'कारभारीण'.

फलटणला गेलो, कऱ्हाडला गेलो. जिथं दोन दिवस मोडायचे तिथं चहा निवायच्या आत काम. लोक म्हणायचे, "ताई, काय जादूचा पेनड्राइव्ह हाय तुमचा!" आतल्या कारभारणीचं नाव कोणी घेत नसे, आणि मीही कधी घेतलं नाही. फुकटचा मान कोणाला कडू लागतो?

मग जतहून समीक्षाचा फोन आला. तिचा तिकडं टायपिंगचा क्लास. कॉम्प्युटरांना व्हायरस लागला आणि सगळे पुसून कोरे करावे लागले. दोन दिवसांनी तिच्याच वर्गात परीक्षा, आणि आदल्या दिवशी दुपारी तपासणीला साहेब येणार. वर्ग तयार नसला तर केंद्र मिरजेला हलणार.

"ताई, मिरजेला निम्म्या पोरींना घरचं सोडत न्हाईत," समीक्षा म्हणाली. "वरीस जाईल त्यांचं. आन् नेटबी बंद हाय."

"कारभारणीला घिऊन सकाळीच निघते," संयोगिता म्हणाली.

हे तिच्या सासूबाईंनी, शालूबाईंनी ऐकलं. "कारभारीण? या घरात कारभारीण एकच, ती मी. ही कोण सवत काढलीस?"

"आवं आत्याबाई, ही पेनड्राइव्हात असती. आख्खा वर्ग एकटी मांडती."

"एकटी? मग कामाची दिसती. तुझ्यापरीस बरी."

सकाळी संयोगिता गाडी काढायला गेली. शालूबाईंनी मला उलटंसुलटं पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "बाईमाणूस उंबऱ्याभाईर पडतंय, आन् ह्या पोरीनं तशीच धाडली तिला!" माझं टोपण कधीच हरवलं होतं. त्यांनी मला देवापुढं नेलं, हळद लावली, वर ओलं कुंकू बोटानं दाबून लावलं, आणि मानानं पर्समध्ये ठेवलं. वाटेत ते सगळं वाळून घट्ट बसलं.

जतला संयोगितानं मला कॉम्प्युटरला लावलं. दिवा नाही. दुसऱ्या बाजूला लावलं. नाही. तिनं मला उजेडाला धरलं आणि लगेच घरी फोन लावला.

"आत्याबाई, कुकू कुठं लावलंसा?"

"कुठं म्हंजे? तोंडाकडं. कपाळ हाय का त्याला?"

समीक्षाला तशातही हसू फुटलं. पुढच्या बाकावरच्या एका पोरीनं मात्र विचारलं, "म्याडम, मिरजंला जायाचं का मग?"

संयोगितानं कोरड्या ब्रशनं माझं तोंड झाडलं. दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. अंग तापलं. पहिल्या कॉम्प्युटरवर फोल्डर कसाबसा उतरला. दुसऱ्याला लावलं आणि मी गेलो तो गेलोच.

खरं सांगू? मला थोडं बरं वाटलं. म्हटलं, आता कळेल माझी किंमत.

समीक्षा रडवेली झाली. "ताई, आता वं?"

"आता काय? कारभारीण उतरलीया की हितं," संयोगिता म्हणाली. "तुज्या वर्गातले सगळे कॉम्प्युटर तारेनं एकमेकांना जोडलेलं हायत. हितनं उचलू, समद्यांवर ठिवू. तिला पेनड्राइव्हच पायजे आसं कुठं हाय?"

तेव्हा मला फिरता या शब्दाचा अर्थ कळला. इतकी वर्षं ती माझ्याकडं राहत होती. माझी कधीच नव्हती.

साहेब आले, प्रत्येक कॉम्प्युटरवर परीक्षेचा कार्यक्रम उघडून पाहिला, मान हलवली. केंद्र जतलाच राहिलं.

मित्रांनो, माझं मागणं थोडकंच आहे. ज्याच्यावर पुष्कळांचं काम अडतं, त्याची दुसरी प्रत करून ठेवा, आणि ती तो धडधाकट असतानाच करा. आम्हाला टोपण द्या, कोरडं ठेवा. मान द्यायचा तर जरूर द्या, पण आमच्या तोंडात काही कोंबू नका.

दुसऱ्या दिवशी परीक्षेला मी पर्समध्येच होतो. घंटा झाली आणि सगळ्या पोरींची बोटं एकदम चालू लागली. पत्र्यावर टपोऱ्या गारा पडाव्यात तसा आवाज. त्यातला एकही माझा नव्हता. मी तो शेवटपर्यंत ऐकला.